अपलिंकवर भार १० टक्के, तरी पॅकेट ड्रॉप: बर्स्ट बफर कुठल्या पोर्टवर वाढवावा?

वजनकाटा_धाराशिव

नमस्कार मंडळी. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मी नेटवर्क आणि सीसीटीव्ही बघतो. गळीत हंगाम ऐन भरात आहे आणि एक दुखणं काही केल्या हटत नाही, म्हणून हा धागा.

मांडणी अशी आहे. गेट, यार्ड आणि वजनकाटे अशा तीन ठिकाणी प्रत्येकी एक २४ पोर्टचा पीओई (डेटाच्या तारेतूनच कॅमेऱ्याला वीज देणारा) स्विच. पोर्ट सगळे कॅमेऱ्यांनी भरलेले, प्रत्येक १०० एमबीपीएसवर चालतो. वर मुख्य स्विचकडे जाणारा एक गिगाबिट फायबर, म्हणजे अपलिंक. तिन्ही फायबर ऑफिसातल्या मुख्य स्विचवर येतात आणि तिथल्या एका गिगाबिट पोर्टवर एनव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र, आहे. कॅमेरे चार मेगापिक्सेलचे, एच.२६५, प्रत्येकी साधारण ४ एमबीपीएस. म्हणजे एका स्विचचे २४ गुणिले ४, असे ९६ एमबीपीएस. गिगाबिटच्या १० टक्केसुद्धा नाही.

आता दुखणं. वीज टर्बाइनवरून ग्रिडवर गेली किंवा उलट झालं, की स्विच क्षणभर बंद पडून परत चालू होतात. त्यानंतर बराच वेळ काट्याच्या डिस्प्लेवरचं चित्र मधूनमधून फाटतं. डिस्प्लेचे डावीकडचे दोन अंक स्वच्छ दिसतात आणि उरलेल्या अंकांचा खालचा अर्धा भाग राखाडी चौकड्यांनी भरून जातो. दीड-दोन सेकंदांनी चित्र आपोआप नीट होतं, पण तोवर ट्रॉली काट्यावरून उतरलेली असते. शेतकरी आला आणि "माझ्या गाडीचं वजन कॅमेऱ्यात दाखवा" म्हणाला, तर नेमकं तेवढंच दाखवता येत नाही. ऊस त्याचा, वर्षभराची मेहनत त्याची. त्याला अर्धवट आकडे दाखवून परत पाठवणं मला पटत नाही.

तपासलेलं सांगतो. अपलिंकवर सीआरसी एरर (वाटेत बिघडलेली पॅकेट) शून्य, फायबरचा प्रकाश व्यवस्थित. पण त्याच पोर्टवर आउटपुट डिस्कार्ड (बाहेर जाताना स्विचने टाकून दिलेली पॅकेट) वाढायलेत. मॅन्युअलमध्ये इंटरफेसवर बर्स्ट ट्रॅफिक बफरिंगचा (अचानक आलेली गर्दी मेमरीत थोपवून धरण्याचा) मोड बदलता येतो असं दिलंय: नेहमीचा, वाढीव आणि कमाल. सगळ्या पोर्टवर कमाल लावून टाकू का?

जालना_रोलिंग

आमच्या मिलमध्ये सगळीकडे कमालच लावलेलं आहे. तुम्हीही लावा दादा, काही होत नाही. आणि स्विचला यूपीएस का नाही?

वजनकाटा_धाराशिव

यूपीएस आहे, बॅटऱ्या गेल्यात. प्रस्ताव दिलाय, मंजुरी यायची आहे.

सिडको_एन६

काटेवाले दादा, सगळ्या पोर्टवर कमाल लावू नका. का ते सविस्तर सांगतो, कारण या सेटिंगबद्दल "बफर जितका जास्त तितकं चांगलं" असा समज फार पसरलाय.

आधी तुमच्या १० टक्क्यांबद्दल. तो आकडा बहुतेक पाच मिनिटांच्या सरासरीचा आहे. पाच मिनिटांच्या आलेखात १२ मिलिसेकंदांची गर्दी कधीच दिसत नाही. कॅमेरा ४ एमबीपीएस पाठवतो म्हणजे तो एकसारख्या धारेत पाठवतो असं नाही. आय-फ्रेम म्हणजे पूर्ण चित्र, त्यानंतरचे पी-फ्रेम म्हणजे फक्त झालेले बदल. सेकंदाला २५ फ्रेम आणि आय-फ्रेमचं अंतर ५० फ्रेम ठेवलं असेल तर दर दोन सेकंदांना एक मोठा गठ्ठा येतो. आय-फ्रेम १५० केबीचा धरा. १०० एमबीपीएसच्या पोर्टवरून तो बाहेर पडायला १२ मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ तो कॅमेरा पूर्ण १०० एमबीपीएसने ओतत असतो.

आता वीज गेली आणि आली. कॅमेरे जवळपास बरोबरच उठतात, एनव्हीआर सगळ्यांशी एका दमात पुन्हा जोडला जातो, आणि नवा प्रवाह सुरू करताना बहुतेक कॅमेरे पहिल्यांदा आय-फ्रेमच पाठवतात. म्हणून आय-फ्रेमचे ठोके एकमेकांवर बसतात. वाईटात वाईट धरलं तर २४ कॅमेरे एकदम: १२ मिलिसेकंदांत ३.६ एमबी आत येणार, गिगाबिट अपलिंक तेवढ्या वेळात १.५ एमबी बाहेर काढणार, उरलेले २.१ एमबी कुठेतरी थांबायला हवेत. १५ कॅमेरे जुळले तरी पाऊण एमबी थांबवावं लागतं. जागा संपली की स्विच पॅकेट टाकून देतो. तुमचे डिस्कार्ड हेच आहेत.

काही वेळाने हे आपोआप का थांबतं? प्रत्येक कॅमेऱ्याचं आतलं घड्याळ किंचित वेगळ्या गतीने चालतं. दोन घड्याळांत दहा लाखांत ५० भागांचा फरक असला तर तासाला १८० मिलिसेकंदांचं अंतर पडतं. ठोके सरकत सरकत सुटे होतात आणि गर्दी विरते. पुढच्या वेळी वीज बदलली की पुन्हा पहिल्यापासून.

चित्र दीड-दोन सेकंदच का फाटतं तेही यातूनच कळतं. आय-फ्रेमचा तुकडा हरवला की पुढचा आय-फ्रेम येईपर्यंत डीकोडर त्या खराब पायावरच बदल रचत जातो.

आता बफर. साध्या अ‍ॅक्सेस स्विचमध्ये प्रत्येक पोर्टला स्वतःची वेगळी मेमरी नसते. चिपमध्ये सगळ्यांची मिळून एक मेमरी असते आणि पोर्ट तिच्यातून गरजेप्रमाणे जागा घेतात. तुमच्या यार्डासारखंच समजा: यार्ड एकच, काटे अनेक, आणि एका काट्याच्या ट्रॉल्यांनी सगळं यार्ड अडवलं तर बाकीचे काटे रिकामे असूनही त्यांची गाडी आत येऊ शकत नाही. म्हणून चिप प्रत्येक क्यूला, म्हणजे बाहेर पडायला थांबलेल्या पॅकेटच्या रांगेला, मर्यादा घालते. अभिजित चौधुरी आणि एलन हाने यांनी १९९८ मध्ये मांडलेली डायनॅमिक थ्रेशोल्डची रीत आज बऱ्याच चिपमध्ये या ना त्या रूपात आहे. एका क्यूला किती जागा मिळणार, तर त्या क्षणी रिकाम्या असलेल्या मेमरीच्या अल्फा पट. अल्फा म्हणजे ठरवून दिलेला गुणक. अल्फा १ असेल आणि एकच क्यू तुंबलेली असेल, तर तिला निम्मी मेमरी मिळते. अल्फा ८ केला तर नवांपैकी आठ हिस्से.

वाढीव किंवा कमाल मोड लावणं म्हणजे साधारणपणे ही मर्यादा सैल करणं. कुठल्या मोडला आत नेमका कोणता आकडा असतो ते मॉडेलवर ठरतं, पण तत्त्व हेच. समजा तुमच्या स्विचची मेमरी १.५ एमबी आहे. अल्फा १ ला अपलिंकच्या क्यूला ०.७५ एमबी मिळेल, म्हणजे १५ कॅमेरे जुळले की काठोकाठ. अल्फा ८ ला साधारण १.३ एमबी, म्हणजे १८ कॅमेरे जुळले तरी निभतं. २४ जुळले तर तेही अपुरं.

आणि सगळ्या पोर्टवर कमाल लावलं तर? एक क्यू नवांपैकी आठ हिस्से खाऊन बसलेली असताना दुसऱ्या पोर्टवर गर्दी झाली, तर तिच्यासाठी त्या क्षणी फक्त नववा हिस्सा रिकामा असतो. मोड दोघांनाही कमाल दिलेला, पण जागा जो आधी आला त्याची. जिथे गरज नाही त्या पोर्टला सैल सोडण्यात फायदा शून्य आणि धोका पूर्ण. तुमच्या कॅमेऱ्याच्या पोर्टवर स्विचकडून कॅमेऱ्याकडे जाणारा ट्रॅफिक नगण्य आहे. बफर लागतो तो बाहेर जाणाऱ्या दिशेला, आणि ती दिशा तुमच्याकडे फक्त अपलिंकची आहे.

तेव्हा: तिन्ही स्विचवर फक्त अपलिंकला वाढीव मोड. कमाल आत्ताच नको.

लातूर_लॅब

सिडकोवाल्या सरांचं पटलं. दुसरी एक परिस्थिती जोडते, कारण हा धागा पुढे कोणीतरी शोधत येईल.

मी लातूरला एका क्लासच्या लॅबचं नेटवर्क सांभाळते. आमच्याकडे वेग उतरतो तिथे हे होतं. सर्व्हर १० गिगाबिटवर, मुलांचे संगणक १ गिगाबिटवर. सराव परीक्षा सुरू झाली की सर्व्हर आकृत्यांसकट प्रश्नपत्रिका सोडतो. १ एमबीचा गठ्ठा १० गिगाबिटने ०.८ मिलिसेकंदांत आत येतो आणि तेवढ्या वेळात गिगाबिट पोर्टमधून फक्त ०.१ एमबी बाहेर पडतो. ०.९ एमबी थांबवायला हवा. एकच संगणक, एकच फाइल, तरी ड्रॉप. "पोर्ट रिकामा असताना ड्रॉप कसे?" असं विचारणाऱ्यांनी आधी आत येणारा आणि बाहेर जाणारा वेग शेजारी शेजारी लिहून बघावा.

आमचं टीसीपी (हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवणारी पद्धत) असल्यामुळे चित्र फाटण्यासारखं काही दिसत नाही, फक्त प्रश्नपत्रिका अडखळत उघडते. लिनक्स सर्व्हरवर तुकडे हरवून टाइमआउटवर वेळ आली तर पुन्हा पाठवायच्या आधी किमान २०० मिलिसेकंद वाट बघितली जाते. मुलांच्या बाजूने बघा: परीक्षेचं घड्याळ चालू झालंय आणि पडद्यावर गोल फिरतंय. नीटच्या तयारीला गावाकडून येऊन खोली करून राहणारी ही मुलं आहेत, त्यांचा जीव आधीच टांगणीला असतो.

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ३८५० आणि ९३०० वर यासाठी सॉफ्टमॅक्स मल्टिप्लायर (क्यूची सामायिक मेमरीतली मर्यादा वाढवणारा गुणक) असतो. मूळ किंमत १००, ती १२०० पर्यंत नेता येते. मात्र तो पूर्ण स्विचला लागतो, एका पोर्टला नाही, हे लक्षात ठेवा. जुन्या २९६०, ३५६० आणि ३७५० वर गोष्ट वेगळी. तिथे क्यूओएस (ट्रॅफिकला प्राधान्यक्रम देण्याची सोय) चालू केलं की बफर चार क्यूंत २५-२५ टक्के वाटला जातो. खुणा नसलेला साधा ट्रॅफिक सगळा दुसऱ्या क्यूत जातो आणि बाकी तीन क्यूंचा राखीव हिस्सा त्याच्या उपयोगी येत नाही. "क्यूओएस चालू केल्यापासून ड्रॉप वाढले" ही तक्रार त्या स्विचवर म्हणूनच येते. फोन वगैरे काही नसेल तर क्यूओएस बंद ठेवणं बरं. लागत असेल तर क्यू-सेटमध्ये दुसऱ्या क्यूचा वाटा आणि थ्रेशोल्ड दोन्ही वाढवावे.

सिडको_एन६

ताईंनी सिस्कोचं दिलंच आहे, बाकीचं थोडक्यात. हुआवेच्या एस मालिकेत इंटरफेसच्या आत जाऊन "क्यूओएस बर्स्ट-मोड" आणि पुढे "एनहान्स्ड" किंवा "एक्स्ट्रीम" असं द्यायचं. एचथ्रीसीत "बर्स्ट-मोड एनेबल" सिस्टिम पातळीवर आहे, म्हणजे पोर्ट निवडायची सोय नाही. जुनिपरच्या जुन्या ईएक्समध्ये शेअर्ड बफरची टक्केवारी देता येते. जुनिपरच्या क्यूएफएक्सवर बफरची वाटणी बदलली की नवी वाटणी बसेपर्यंत पोर्टवरचा ट्रॅफिक थांबतो, हे कंपनीच्याच कागदपत्रांत आहे. तुमचा स्विच कुठलाही असो, काट्यावर गाड्या लागलेल्या असताना हा बदल करू नका.

परभणी_वायरलेस

एक विचारतो. माझ्याकडे दोन बाजार समित्यांमध्ये रेडिओ लिंक आहे. रेडिओची तार स्विचच्या गिगाबिट पोर्टवर, पण हवेतून प्रत्यक्ष १०० एमबीपीएसच्या आसपास जातं. स्विचच्या त्या पोर्टवर वाढीव बफर दिला, फरक शून्य. डिस्कार्डही शून्यच होते आधीपासून. तरी आवाज तुटायलाय, चित्र अडकायलंय. कामून?

सिडको_एन६

कारण स्विचच्या दृष्टीने तिथे गर्दीच नाही. तो गिगाबिटने रेडिओला देऊन मोकळा होतो, तुंबतं ते रेडिओच्या आत. रेडिओचा बफर छोटा, पॅकेट तिथे पडतात आणि स्विचचा काउंटर स्वच्छ राहतो. जिथे काउंटर वाढत नाही तिथे बफर वाढवून उपयोग नाही.

तुमच्यासाठी उपाय म्हणजे स्विचच्या त्या पोर्टचा बाहेर जाणारा वेग रेडिओच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा खाली बांधायचा, ९० च्या आसपास. म्हणजे गर्दी स्विचमध्ये होईल, आणि तिथे क्यू, प्राधान्य, बफर सगळं तुमच्या हातात आहे. पण पुढे सांभाळा. १ एमबी बफर गिगाबिटवर रिकामा व्हायला ८ मिलिसेकंद लागतात, १०० एमबीपीएसवर तोच ८० मिलिसेकंद घेतो. आवाजाचं पॅकेट त्या रांगेत शेवटी अडकलं तर बोलणं तुटलंच. त्यामुळे फोनला वेगळी प्राधान्याची क्यू द्या आणि वाढीव बफर फक्त चित्रांच्या क्यूला. बफरब्लोट म्हणतात तो हाच प्रकार, आणि तो संथ लिंकवर सगळ्यात जास्त छळतो.

जालना_रोलिंग

मग फ्लो कंट्रोल लावला तर? पुढे जागा नसेल तर मागच्याला थांबवायचं, एकही पॅकेट पडणार नाही. बफरची भानगडच नको.

लातूर_लॅब

फ्लो कंट्रोल म्हणजे ८०२.३एक्सचा पॉज, आणि तो पूर्ण लिंकला थांबवतो दादा. त्या तारेवर एक कॅमेरा आणि एक आयपी फोन असेल तर फोनही थांबतो. स्विच ते स्विच लिंकवर पॉज गेला तर मागच्या स्विचचं त्या लिंकवरून जाणारं सगळंच अडतं, ज्याचा गर्दीशी संबंध नाही तेसुद्धा. वर्गवारीने थांबवणारं ८०२.१क्यूबीबी आहे, पण ते डेटा सेंटरच्या स्विचमध्ये, कॅमेऱ्यांच्या स्विचमध्ये नाही. शिवाय प्रत्येक स्विच पॉज पाठवतोच असं नाही. कॅटॅलिस्ट २९६० फक्त समोरून आलेला पॉज पाळतो, स्वतः पाठवत नाही.

आणि एक राहिलं. तुमच्या मिलमध्ये सगळीकडे कमाल लावून काही होत नाही म्हणता, तर एकाच वेळी दोन पोर्टवर गर्दी होण्याची वेळ तुमच्याकडे येत नसेल इतकंच. एकदा सगळ्या पोर्टचे डिस्कार्ड बघून घ्या.

जालना_रोलिंग

बघितले. भट्टीकडच्या स्विचवर ऑफिसच्या पोर्टला आहेत थोडे. आत्तापर्यंत त्या पोर्टकडे लक्षच नव्हतं. आधी अपलिंक सोडून बाकीचे नेहमीच्या मोडवर आणतो.

वजनकाटा_धाराशिव

सगळ्यांचे मनापासून आभार. केलं ते सांगतो.

शिफ्ट बदलताना काटे थोडा वेळ मोकळे असतात, तेव्हा तिन्ही स्विचच्या अपलिंकला वाढीव मोड दिला. काउंटर शून्य केले. पुढच्या वेळी वीज बदलली तेव्हा लॅपटॉप घेऊन काट्याच्या केबिनमध्येच बसलो. गेट आणि यार्डच्या अपलिंकवर डिस्कार्ड शून्य. काट्याच्या स्विचवर थोडे आले, आधीच्या मानाने अगदी कमी. पण चित्र तरी एकदा फाटलं. मग मुख्य स्विच बघितला, तर एनव्हीआरच्या पोर्टवर आता डिस्कार्ड वाढलेत. आधी तिथे फारसे नव्हते. हे कसं काय?

सिडको_एन६

अपेक्षितच आहे. आधी जे पॅकेट खालच्या स्विचमध्येच पडत होते ते आता मुख्य स्विचपर्यंत सुखरूप पोचतात. तिथे तीन गिगाबिट एका गिगाबिटमध्ये शिरायलेत. तुंबण्याची जागा पुढे सरकली.

एनव्हीआरच्या पोर्टवरही वाढीव मोड देता येईल, पण माझं मत असं की तिथे बफरवर विसंबू नका. एनव्हीआरला दुसरा नेटवर्क पोर्ट असेल तर दोन्ही पोर्टचं लिंक अ‍ॅग्रिगेशन (दोन तारा मिळून एक लिंक) करा, आणि लोडची वाटणी पाठवणाऱ्याच्या आयपीवर ठेवा, म्हणजे कॅमेरे दोन तारांत विभागले जातील. १० गिगाबिटचा पोर्ट असेल तर प्रश्नच मिटला. बफर क्षणाची गर्दी झेलतो, कमी पडणारी रुंदी भरून काढत नाही.

दुसरं, गर्दी मुळातच कमी करा. काट्याच्या डिस्प्लेवरचा कॅमेरा सोडून बाकीच्या काही कॅमेऱ्यांचं आय-फ्रेमचं अंतर ५० ऐवजी ६०, ७० असं वेगवेगळं ठेवा, म्हणजे ठोके जुळले तरी लगेच सुटतील. काही कॅमेऱ्यांत व्हिडिओच्या पानावर स्मूदिंगची पट्टी असते. तिने बिटरेटचे चढउतार सपाट होतात, ती चित्र स्पष्ट ठेवण्याऐवजी प्रवाह सपाट करण्याकडे सरकवा. यार्डच्या कॅमेऱ्यांना चालेल, डिस्प्लेच्या कॅमेऱ्याला नको, तिथे अंक स्पष्ट हवेत.

तिसरं, आणि तुमच्या शेतकऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. डिस्प्लेच्या कॅमेऱ्यांपुरतं एनव्हीआरमध्ये यूडीपीऐवजी (त्यात हरवलेलं पॅकेट पुन्हा येत नाही) टीसीपी निवडा. पॅकेट पडलं तरी पुन्हा मागवलं जाईल, थेट चित्र क्षणभर अडखळेल पण रेकॉर्डिंगमध्ये अंक पूर्ण राहतील.

लातूर_लॅब

त्यात भर: डिस्प्लेच्या कॅमेऱ्यांच्या पॅकेटवर स्विचमध्येच वेगळी खूण करून त्यांना वरची क्यू द्या. गर्दीत कुणाचं तरी पॅकेट पडणारच असेल तर ते यार्डच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याचं पडू दे. मात्र वरच्या क्यूत दोन-चारच कॅमेरे ठेवा. सगळ्यांनाच वर बसवलं तर ती क्यू पुन्हा खालच्यासारखीच.

वजनकाटा_धाराशिव

टीसीपी केलं, आय-फ्रेमची अंतरं बदलली, डिस्प्लेचे कॅमेरे वरच्या क्यूत घेतले. एनव्हीआरला दुसरा पोर्ट होता, रिकामाच पडला होता. अ‍ॅग्रिगेशन झालं. काल रात्री वीज दोनदा बदलली. मुख्य स्विचवर डिस्कार्ड शून्य, काट्याच्या अपलिंकवरही शून्य. सकाळी रेकॉर्डिंग काढून त्या वेळेतल्या सगळ्या गाड्यांची वजनं काट्याच्या पावत्यांशी ताडून बघितली. प्रत्येक गाडीचे सगळे अंक दिसतात.

एक शेवटचं विचारतो. अपलिंकला आता कमाल मोड द्यायची गरज आहे का?

सिडको_एन६

काउंटर शून्य असेल तर नाही. वाढीवच राहू द्या. पुढच्या हंगामात कॅमेरे वाढले तर पुन्हा बघू.

परभणी_वायरलेस

माझंही जमलं. पोर्ट ९० ला बांधला, फोन वेगळ्या क्यूत. आवाज तुटत नाही आता. काटेवाले दादा, स्विचवर सेव्ह केलं ना? चालू कॉन्फिगरेशन साठवलं नसेल तर पुढच्या वेळी वीज गेली की अपलिंक परत नेहमीच्या मोडवर.

वजनकाटा_धाराशिव

दोन स्विचवर केलेलं होतं, गेटचा राहिला होता आणि वीज बदलल्यावर नेहमीच्या मोडवर परत गेला होता. आत्ता पुन्हा वाढीव देऊन सेव्ह केला.